भयपट पाहून आल्यावर आपले मत कसे मांडावे

भयपट पाहून घरी आलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो तो "भीती वाटली का?" हाच. त्याला "हो, फार" किंवा "छे, काहीच नाही" असे उत्तर दिले की बोलणे तिथेच संपते आणि विचारणाऱ्याच्या हाती काहीही लागत नाही, कारण भीती ही जितकी चित्रपटाची असते तितकीच पाहणाऱ्याचीही असते. लहानपणी जो विहिरीत पडता पडता वाचला आहे, त्याला काळ्या पाण्याचे साधे दृश्यही सोसत नाही; आणि ज्याने रात्री जागून पन्नास भूतपट पाहिले आहेत, त्याला दाराची करकर ऐकून काहीच होत नाही. म्हणून आपले मत दुसऱ्याच्या उपयोगी पडावे असे वाटत असेल, तर भीती वाटली की नाही यापाशी न थांबता ती कशाची वाटली, कोणत्या क्षणी वाटली आणि दिग्दर्शकाने ती कशी घडवली, हे सांगता आले पाहिजे. मित्रमैत्रिणींत आणि नातेवाइकांत चित्रपटांविषयी अनेक वर्षे बोलताना आणि लिहिताना माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्यांतून मला जे उमगले ते येथे मांडते आहे.

चित्रपट संपल्यावर कोणाशी बोलण्याआधी, आणि इतरांची मते वाचण्याआधी तर नक्कीच, पाच-सहा ओळींचे टिपण करावे. दुसऱ्याचे नेमके शब्द एकदा कानावर पडले की आपला अनुभव त्या शब्दांच्या साच्यात जाऊन बसतो आणि मग आपल्याला स्वतःला काय वाटले होते हे आठवत नाही. टिपणात कथानक लिहू नये, ते कुठेही मिळते. आपण खुर्चीचा हात कधी घट्ट धरला, ओढणी डोळ्यांवर कधी घेतली, मागच्या रांगेकडे वळून कधी पाहिले, हे लिहावे. घड्याळाकडे किंवा मोबाइलकडे पहिल्यांदा कधी लक्ष गेले, हेही लिहावे. चित्रपटाची पकड कुठे सुटली हे सांगणारी याहून प्रामाणिक खूण नाही. त्यानंतर मत मांडण्याची घाई न करता एक रात्र जाऊ द्यावी. विनोदी चित्रपटाचा निकाल चित्रपटगृहात लागतो, भयपटाचा निकाल मात्र त्या रात्री पाणी प्यायला उठल्यावर लागतो. पडद्यासमोर चार वेळा दचकवून घरी पोहोचेपर्यंत विसरला जाणारा चित्रपट आणि समोर असताना संथ वाटूनही पहाटे तीनला स्वयंपाकघराच्या अंधारात आठवणारा चित्रपट, हे दोन अगदी वेगळ्या जातींचे आहेत, आणि हा फरक त्याच संध्याकाळी लिहिलेल्या मतात उतरू शकत नाही.

आपण चित्रपट कुठे आणि कसा पाहिला, हे मताच्या सुरुवातीलाच सांगावे. पुष्कळांना हा तपशील फालतू वाटतो. मला तो अत्यावश्यक वाटतो. एकदा प्रवासात, भर दुपारी, एसटीच्या खिडकीशी बसून मी एक भयपट मोबाइलवर पाहिला आणि "यात काही दम नाही" असे चार जणांना सांगून मोकळी झाले. वर्षभराने तोच चित्रपट घरी दिवे मालवून, चांगले हेडफोन लावून पाहिला, तेव्हा लक्षात आले की पहिल्या वेळी निम्मा चित्रपट माझ्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून खर्जातले आवाज जवळजवळ उमटतच नाहीत, आणि भयपटातली धास्ती पुष्कळदा याच खोल, छातीत जाणवणाऱ्या घरघरीवर उभी असते. तीच गत अंधाराची. अंधाऱ्या चौकटीच्या कोपऱ्यात दिग्दर्शकाने ठेवलेली आकृती उन्हात चकाकणाऱ्या काचेवर दिसणार कशी? आपल्याकडे यात मध्यंतराची भर पडते. तासभर जपून चढवत आणलेला ताण दिवे लागून समोशांचे ट्रे फिरू लागले की विरून जातो. त्यामुळे उत्तरार्ध फिका वाटला, तर तो दोष लेखनाचा आहे की मध्येच तुटलेल्या धाग्याचा, याचा विचार करूनच तो चित्रपटाच्या माथी मारावा. सोबत कोण होते, हेही सांगावे. भरलेल्या चित्रपटगृहात लोक भयप्रसंगी हसतात, पण ते हसू दोन प्रकारचे असते. एक पडद्यावरचे भूत खोटे वाटले म्हणून येते, आणि दुसरे खूप घाबरल्यावर सुटकेसाठी फुटते. कोणते हसू होते हे तिथे बसलेल्यालाच कळते, म्हणून ते त्यानेच नोंदवले पाहिजे.

आता मुख्य काम, म्हणजे भीतीची जात ओळखणे. आपल्या भाषेत यासाठी शब्दांची मुळीच वाण नाही. दचकणे वेगळे, धास्ती वेगळी, किळस वेगळी, भेदरणे वेगळे आणि कारण न कळता जीव खालीवर होणे वेगळे. "भयानक" या एकाच शब्दात हे सगळे कोंबले की मत निरुपयोगी होते. दचकवणे हे सर्वांत सोपे काम समजले जाते, आणि शांततेनंतर एकदम मोठा आवाज केला की कोणीही दचकतो हे खरेच आहे. परंतु तेही चांगले किंवा वाईट असू शकते. १९४२ साली अमेरिकेत आलेल्या 'कॅट पीपल' या चित्रपटात एक स्त्री रात्री रस्त्याने एकटी चालली आहे, मागून कोणाची तरी पावले ऐकू येतात, मग तीही थांबतात, आणि त्या ताणलेल्या शांततेत कर्कश फुत्कार होतो तो प्रत्यक्षात शेजारी येऊन थांबलेल्या बसच्या ब्रेकचा असतो. त्या चित्रपटाचे निर्माते व्हॅल लुटन यांच्या नावावरून या युक्तीला पुढे 'लुटन बस' असे नावच पडले. येथे पाहण्यासारखी गोष्ट अशी की दचका एका क्षणाचा आहे, पण त्याच्यापूर्वीची चाल कितीतरी लांब आहे. म्हणून एखाद्या चित्रपटाने दचकवले असे लिहिताना त्या दचक्याआधी काय उभे केले होते, हे स्वतःला विचारावे. काहीच उभे केले नसेल आणि केवळ आवाज वाढवला असेल, तर तसे स्पष्ट लिहावे.

धास्तीचे वर्णन करणे त्याहून अवघड आहे, आणि मराठी प्रेक्षकाने ते मनापासून करावे असे मला फार वाटते, कारण आपल्या परिसरातून उगवलेली भीती आपल्याइतकी दुसऱ्या कोणाला उलगडून सांगता येणार नाही. विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' हा २०१७ सालचा मराठी चित्रपट घ्या. त्यात पडका वाडा नाही, अमावास्येच्या रात्रीचा आधारही फारसा नाही. आहे तो ऊस. वाढलेल्या उसात माणूस शिरला की दोन हातांवरचे दिसत नाही, पाचोळा सळसळतो तो वाऱ्याने की कोणाच्या चालण्याने हे कळत नाही, आणि वर भगभगीत ऊन असले तरी आत दिशा हरवते. ज्यांनी ऊसपट्ट्यात बालपण काढले आहे त्यांना लहान मुलांना उसात एकटे जाऊ न देण्यामागची ती जुनी ताकीद लगेच आठवेल. "चित्रपट भयानक आहे" या वाक्यापेक्षा "दिवसाढवळ्या, उघड्या शेतात माणूस कोंडला जाऊ शकतो ही भीती या चित्रपटाने पकडली आहे" हे वाक्य वाचणाऱ्याला कितीतरी अधिक सांगते, आणि तरीही कथेतले एकही रहस्य फोडत नाही.

असे वाक्य सुचण्यासाठी स्वतःला एक साधा प्रश्न विचारावा: या चित्रपटातून भूत काढून टाकले तर मागे कोणती भीती उरते? कुठे एकटेपणाची उरते, कुठे सासरच्या माणसांची, कुठे आईपणाची, कुठे कर्जाची. काहीच उरत नसेल तर चित्रपट केवळ क्लृप्त्यांवर चालला होता असे समजावे. क्लृप्त्यांचा चित्रपट पाहू नये असे मी म्हणत नाही, तो करमणूक म्हणून पाहिला आणि तसेच सांगितले तर कोणाचीही फसवणूक होत नाही.

त्यानंतर चित्रपटाने स्वतःच घातलेले नियम तपासावेत. भुताच्या जगाला आपल्या जगाचे नियम लागू नसतात हे मान्य, पण त्याचे स्वतःचे नियम असतातच. ते कुठे येऊ शकते, कशाला भिते, त्याला काय हवे आहे, हे ठरले की प्रेक्षक त्या नियमांच्या आधाराने घाबरतो. सुरुवातीला उंबरठा ओलांडू न शकणारे भूत शेवटी सोयीसाठी माजघरात शिरले, तर भीती जाते आणि चीड उरते. मत देताना ही विसंगती जरूर दाखवावी. मात्र "असे कुठे असते का" अशा शब्दांत नव्हे, तर "चित्रपटाने आधी सांगितले होते ते पुढे पाळले नाही" अशा शब्दांत. पहिल्या वाक्यात भयपट या प्रकारावरच आक्षेप येतो, दुसऱ्यात त्या चित्रपटावर, आणि आपल्याला दुसराच घ्यायचा आहे.

लोककथेतून आलेले भूत असेल तेव्हा आपल्याला ठाऊक असलेली मूळ समजूत थोडक्यात सांगावी. आदित्य सरपोतदार यांचा 'मुंज्या' हा हिंदी चित्रपट २०२४ साली आला, तेव्हा महाराष्ट्राबाहेरच्या माझ्या मैत्रिणींना त्या नावाचा अर्थच ठाऊक नव्हता. मुंज झाली आहे पण सोडमुंज होण्याआधीच मरण आले आहे अशा मुलाचा मुंजा होतो आणि तो पिंपळावर राहतो, ही आपल्याकडची समजूत एका वाक्यात सांगितल्यावर त्या भुताचा हट्टीपणा आणि अपुरेपण त्यांना एकदम कळले. ही माहिती देताना एक काळजी घ्यावी. चित्रपटातले रूप आपल्या आजीने सांगितलेल्या गोष्टीशी जुळत नाही म्हणून तो चुकीचा ठरत नाही, कारण अशा गोष्टी गावागणिक बदलतात. वेताळाचेच पाहा: देशावरच्या कित्येक मुलांना तो गोष्टींतला भुतांचा राजा म्हणून ठाऊक असतो, तर गोव्यात आणि दक्षिण कोकणात तो गावाची राखण करणारा देव आहे आणि त्याची देवळे आहेत. ज्याला एकजण भूत म्हणतो त्याला दुसरा हात जोडतो, तेव्हा मत मांडताना कोणाच्या श्रद्धेला सहज जाता जाता ठोकर लागू नये.

याच्या उलट बाजूलाही तितकेच जागरूक राहावे लागते. "सत्य घटनेवर आधारित" ही पाटी पडद्यावर दिसली म्हणून ती आपल्या मतात तशीच उचलून ठेवू नये. "चित्रपट तसा दावा करतो" एवढेच लिहावे. आजारी माणसाला दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे नेले जाते आणि तो तिथे बरा होतो असे चित्रपटात असेल, तर दिग्दर्शकाने ते गोष्टीचा भाग म्हणून मांडले आहे की सल्ला म्हणून, हे सांगणे आपले काम आहे. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला तो अशा उपचारांनी माणसांचे खरोखरच जीव जातात आणि लुबाडणूक होते म्हणून. भुताची गोष्ट मनसोक्त आवडून घेण्यात आणि हे भान ठेवण्यात मला कधीच विरोध जाणवलेला नाही.

रहस्यभेदाच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. १९६० साली 'सायको' प्रदर्शित झाला तेव्हा आल्फ्रेड हिचकॉक यांनी खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नये अशी व्यवस्था केली होती आणि शेवट न फोडण्याची विनंती प्रेक्षकांना जाहीरपणे केली होती. ती प्रसिद्धीची हिकमत होती हे खरे, परंतु तिच्यामागचे कारण आजही लागू पडते, कारण भयपटात माहिती हेच भांडवल असते आणि ते एकदाच खर्च होते. माझा नियम असा की पहिल्या वीस मिनिटांत चित्रपट स्वतःहून जे सांगतो तेवढेच मी सांगते, आणि त्यापुढचे काही सांगावेच लागले तर "यापुढे कथा उघड होते" असे आधी लिहून मग सांगते. "शेवट अजिबात ओळखू येत नाही" हे वाक्यसुद्धा टाळावे, कारण ते वाचणारा मग पहिल्या दृश्यापासून शेवट ओळखायला बसतो. जे भूत वाटते ते भूत आहे की माणसाचे कारस्थान, हा तर अनेक मराठी आणि हिंदी चित्रपटांचा कणाच असतो. त्यामुळे "यात खरे भूत नाही" असे निरागसपणे सांगितले तरी चित्रपट संपतो. या मुद्द्यासाठी उदाहरणाचे नाव मी मुद्दामच देत नाही.

या नियमाला एक अपवाद आहे, आणि तो मला चुकीची किंमत देऊन कळला. माझ्या एका मावसबहिणीला मी एक भयपट अगदी आग्रहाने पाहायला सांगितला होता. त्यात एका गरोदर स्त्रीचा छळ होता. त्या बहिणीने काही महिन्यांपूर्वीच आपले न जन्मलेले मूल गमावले होते. मला ते ठाऊक होते, तरी चित्रपटाच्या कौतुकात ते माझ्या मनातच आले नाही. ती चित्रपट अर्धा सोडून उठली, आणि पुढचे कित्येक दिवस तिने मला फोन केला नाही. तेव्हापासून मी मताच्या आरंभीच कथा न उघडता सूचना देते: यात गर्भारपणाशी संबंधित हिंसा आहे, यात लहान मूल मरते, यात आत्महत्येचे दृश्य आहे, यात प्राण्याला मारलेले दाखवले आहे. अशा सूचनेने रहस्य थोडे उघडे पडत असले तरी चालेल; ज्याला त्या सूचनेची गरज आहे त्याची गरज माझ्या रहस्यापेक्षा मोठी आहे. मुलांसह पाहणाऱ्यांसाठी प्रमाणपत्रही सांगावे. २०२४ पासून चित्रपटगृहांतल्या 'यूए' वर्गाचे 'यूए ७+', 'यूए १३+' आणि 'यूए १६+' असे तीन पोटवर्ग झाले आहेत, त्यामुळे पालकांना पूर्वीपेक्षा नेमका अंदाज येतो. परंतु प्रमाणपत्र रक्त मोजते, रात्रीची झोप मोजत नाही. आठ वर्षांच्या मुलाला रक्तापेक्षा पलंगाखालच्या आवाजाची भीती जास्त वाटते, आणि हे प्रत्यक्ष पाहून आलेल्यानेच सांगायचे असते.

तारे देण्याविषयी फार बोलण्यासारखे नाही. द्यायचे असतील तर द्यावेत, पण त्यांच्यासोबत कारण असावे. अभिनयाबद्दल लिहिताना भयपटात एक गोष्ट विशेष पाहावी: किंचाळणे कोणालाही जमते, पण काहीतरी चुकते आहे हे पहिल्यांदा जाणवतानाचा चेहरा फार थोड्यांना जमतो. रिमेक असेल तर दोन्ही पाहिले आहेत का, हे प्रामाणिकपणे सांगावे. फुरिया यांनीच 'लपाछपी'वरून २०२१ साली हिंदीत 'छोरी' केला, तेव्हा मूळ न पाहिलेल्यांची आणि पाहिलेल्यांची मते वेगळी असणे स्वाभाविकच होते. आणि समोरच्याला भीती वाटली नाही किंवा तो फारच घाबरला, तर दोन्ही वेळा त्याची टर उडवू नये. "एवढ्याने घाबरलीस?" असे एकदा ऐकलेली व्यक्ती पुन्हा कधीही आपला खरा अनुभव सांगत नाही.

वरचे सगळे एकत्र आले की मत कसे दिसते, याचा नमुना म्हणून राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'विषयी मी लिहिलेल्या ओळी देते: "चित्रपटगृहात, रात्रीच्या खेळाला, दोन मैत्रिणींसोबत पाहिला. चित्रपट हिंदी आहे, पण जग कोकणातले आणि पुण्यातले आहे, नाव श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबरीची आठवण करून देते, गोष्ट मात्र ती नाही. दचके मोजके आहेत. भीती येते ती पावसातून: पडदाभर ओल आहे, भिंती, कपडे, माणसांची कातडी सगळे भिजलेले आहे, आणि त्या ओलीत सोन्याचा हव्यास पिढ्यान्पिढ्या बुरशीसारखा वाढतो. हस्तर कोण हे चित्रपट आरंभीच सांगतो, त्यामुळे रहस्य राक्षसाचे उरत नाही, माणूस कुठवर जाईल याचे उरते. भूत काढून टाकले तरी ही भीती जागेवरच राहते. मधला भाग मला थोडा लांबला असे वाटले. शरीराच्या विद्रूपतेची किळस येणाऱ्यांनी आणि लहान मुलांनी टाळावा." या ओळी परिपूर्ण नाहीत, संगीताबद्दल त्यात अवाक्षर नाही, पण त्या वाचून कोणालाही आपण जावे की नाही हे ठरवता येईल.

शेवटची सूचना जुन्या मताविषयी आहे. 'तुंबाड' १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला तेव्हा त्याला बेताचाच प्रतिसाद मिळाला. पुढे तो घरोघरी पाहिला गेला, लोक एकमेकांना सांगत राहिले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत आला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. मीही तेव्हा तो दुसऱ्यांदा पाहिला, आणि मला लांबलेला वाटलेला मधला भाग या खेपेस मुळीच लांबला नाही, कारण आता मी राक्षसाची वाट पाहत नव्हते, बापाकडून मुलाकडे काय जाते आहे ते पाहत होते. असे झाले की जुने मत खोडू नये आणि लपवूही नये. त्याच्याखाली नवी तारीख घालावी, कुठे पाहिला ते लिहावे, काय बदलले ते दोन ओळींत नोंदवावे, आणि पहिल्या मतावर विसंबून ज्यांनी तो पाहायचे टाळले असेल त्यांना आठवणीने फोन करून सांगावे.